वाचून दाखवलेलं घर

हात भिंतीवर गेला, पण बटण हाताला लागलं नाही. दाराच्या चौकटीपासून वीतभर आत, छातीच्या उंचीला, जिथे आत्याचा हात इतकी वर्षं न विचारता जात असे, तिथे काहीतरी गार आणि गुळगुळीत होतं. तिने बोटं वर नेली, खाली आणली. ना खाच, ना उंचवटा, ना खटका. बोट कुठेतरी लागलं असावं, कारण खिडकीपाशी बसवलेल्या डबीतून एक बाई मोठ्या अदबीने म्हणाली, "पुढच्या खोलीतला दिवा लावला आहे." आणि लगेच पाठोपाठ, "पुढच्या खोलीतला दिवा बंद केला आहे." चटका बसावा तसा आत्याने हात मागे घेतला. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पावलांवर पडलं होतं, आणि दिव्याशी तर तिचं कधीच काही देणंघेणं नव्हतं. चौथ्या वर्षी तापात डोळे गेले, त्याला आता त्रेसष्ट वर्षं झाली. तिला फक्त पंखा हवा होता.

"आत्या, हात नाही लावायचा, नुसतं बोलायचं!" जिन्यावरून भाचा ओरडला. जन्मला तेव्हा पसाभर होता म्हणून त्याला टिल्लू म्हणायला लागले, आणि आता सहा फूट उंच झाला तरी घरात तो टिल्लूच होता. दूरच्या शहरात नोकरी, तिथेच बायको आणि दोन वर्षांची मुलगी. दोन आठवड्यांची रजा काढून, चार खोकी आणि एक वायरमन बरोबर घेऊन तो आला होता, घर हुशार करायला. हा शब्द त्याचाच. "म्हणजे इतके दिवस ते मठ्ठ होतं का रे?" असं आत्याने विचारलं तेव्हा तो हसला होता, आणि आतून त्याची आई, आत्याची वहिनी, तीही हसली होती. मग तिचं हसणं अर्ध्यातच थांबलं, आणि ते का थांबलं ते आत्याला तेव्हा कळलं नव्हतं.

"म्हण ना, पंखा लाव."

"कुणाला म्हणू?"

"घराला."

आत्याला लाज वाटली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिने छत्तीस वर्षं काढली होती. न दिसणाऱ्या माणसांशी बोलणं हाच तिचा धंदा होता. पण त्या प्रत्येक आवाजाच्या मागे कुणाचा तरी घसा असे, दम लागलेला, रडून बसलेला, खोटं बोलताना किंचित वर चढणारा. या डबीतल्या बाईला श्वासच नव्हता. "पंखा लाव," आत्या हळूच म्हणाली, आणि वारा आला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तिच्या मनात आलं. फरक एवढाच की तिने एकही मागितला नव्हता.

चार दिवस भिंती खोदल्या जात होत्या. वायरमन वयस्कर होता, हळू बोलणारा, आणि कामाच्या बरोबरीने त्याची स्वतःशी बडबड चाले. जुन्या घरात बटणापर्यंत एकच तार आणलेली असते, न्यूट्रलची दुसरी तार वरच्या वर छतातून जाते, आणि या नव्या काचेच्या बटणांना तिच्याशिवाय चालत नाही, म्हणून प्रत्येक खोलीत तार वरून खाली उतरवावी लागते, हे त्याने आत्याला ती एखादी शिकाऊ असल्यासारखं नीट समजावून सांगितलं होतं. तिला ते आवडलं होतं. "पण आत्या," तिसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "तुमचं घर जरा वेगळंच आहे हं. साधारण जुन्या घरात बटणं मन मानेल तिथे असतात, एक कपाटामागे, एक दारामागे. इथे खाली-वर सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर, एकाच अंतरावर, आणि पहिलं बटण कायम पंख्याचं. दिव्याचं दुसरं. कुणीतरी फूटपट्टी घेऊन बसवल्यासारखं." आत्या म्हणाली, "आमचे वडील शिस्तीचे होते." तिला तसंच वाटत होतं. घर वडिलांनी बांधलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

त्याच चहाच्या वेळी टिल्लूने ते सांगितलं. म्हणजे सांगितलं असंही नाही, दुसऱ्याच कशाला तरी जोडून बोलून गेला. वहिनीच्या दोन्ही गुडघ्यांची कुरकुर वर्षभर चालली होती, त्याच्या शहरात त्याने डॉक्टर पाहून ठेवला होता, आणि ऑपरेशननंतर ती तिकडेच राहिली तर नातीलाही आजी मिळेल. "आता काळजी नाही. घर आत्याकडे बघेल. ती पडली, गॅस राहिला, दार उघडं राहिलं, मला तिथे लगेच कळेल." वहिनीने कप उचलले. कपावर कप ठेवण्याची तिची एक पद्धत होती, कान एका बाजूला. आज ते एकमेकांवर आपटले. तर एवढ्यासाठी भिंती फोडणं चाललं होतं. डबी, काचा, छताला लावलेले कॅमेऱ्याचे डोळे, हे सगळं मिळून एका बाईची जागा भरून काढायला आणलं होतं, आणि ती बाई तिथेच उभी राहून कप विसळत होती. आत्याला वाईट वाटलं ते स्वतःबद्दल की वहिनीबद्दल हे नीट लावता येईना. वहिनी जावी असं तिला वाटत नव्हतं, ती न जावी असं म्हणायचा आपल्याला काही हक्क आहे असंही वाटत नव्हतं, आणि या दोहोंच्या मध्ये ती खुर्चीत ताठ बसून राहिली, रिंग वाजावी आणि कुणाला कुठे जोडायचं ते कळू नये तशी.

दुसऱ्या दिवशी टिल्लूने टेबलावर एक दिवा आणून ठेवला. वाकलेल्या मानेचा, अभ्यासाला असतो तसा. मानेत कॅमेरा होता; खाली कागद ठेवायचा आणि म्हणायचं 'वाच'. "छापलेलं सगळं वाचतो. हाताने लिहिलेलंही वाचतो, थोडं चुकतमाकत. आत्या, आता तुला कशासाठीच आईवर अवलंबून राहायला नको." चांगल्या मनाने म्हणाला होता. पण वहिनी जवळच होती, आणि तिच्याकडून आलं ते फक्त, "बरं झालं." रोज दुपारी तीन वाजता वहिनी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. लग्न होऊन आली त्या महिन्यात हे सुरू झालं आणि बाळंतपण, दुखणी, मरणं या सगळ्यातून चालत राहिलं. वहिनीचा वाचण्याचा आवाज बोलण्याच्या आवाजापेक्षा जरा खालचा, जरा गोल होता. एखाद्या बातमीपाशी ती थबके, पानाची सळसळ होई, मग पुढे जाई. त्या थबकण्याला आत्या वाचणारीचं मन समजत होती. फोनवर समोरच्याच्या नुसत्या श्वासावरून तो पत्नीला खोटं सांगतोय हे ओळखणारी ही बाई.

दिव्याची गंमत म्हणून तिने आधी कालचाच अंक त्याच्याखाली ठेवला. बस दरीत कोसळल्याची बातमी वहिनीने काल वाचली होती: प्रवासी जखमी, सर्वांची प्रकृती स्थिर. दिव्याने एका सुरात वाचलं: अकरा ठार, त्यात चार मुले. आत्याला वाटलं, दुसरी बस असेल. तिने पुन्हा वाचायला लावलं. तोच घाट, तेच वळण, तीच मंगळवारची सकाळ. मग तिने आदल्या आठवड्याचे अंक रद्दीतून काढले. आगीत जळलेली माणसं वहिनीच्या वाचनात वेळेवर बाहेर पडली होती. शेजारच्या गावची परीक्षेत नापास होऊन घरातून निघून गेलेली मुलगी वहिनीच्या वाचनात सापडली होती, सुखरूप, मावशीकडे. आत्याला प्रथम हसू फुटलं. चांगलं मोठ्याने हसली ती, एकटीच. इतकी वर्षं आपण ज्या जगात राहिलो तिथे माणसं फारशी मरत नव्हती! जग एवढं बरं चाललंय असं आपण हॉस्पिटलच्या बोर्डावर बसून मानत होतो, जिथे दिवसातून तीनदा कुणाच्या तरी घरी 'ताबडतोब या' सांगावं लागे. आणि हसता हसता ती थांबली, कारण तिला पत्रं आठवली.

दादा तिचा मोठा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी गेला. सगळा जन्म पुलांच्या कामावर, आज या नदीवर तर उद्या त्या, वर्षातले दहा महिने बाहेर. शहरातल्या कुणालाही कुठेही जोडून देणारी त्याची बहीण त्याला मात्र फोन लावू शकत नसे. तो असे तिथे तारच पोहोचलेली नसे. म्हणून पत्रं. ती वहिनीच्या नावाने येत, वहिनी ती आत्याला वाचून दाखवी, आणि वाचून झाली की आत्या ती मागून घेई आणि पत्र्याच्या डब्यात ठेवी. वाचता येत नसली तरी तिला ती ओळखता येत. दादा बॉलपेन दाबून लिहायचा, कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरांचे व्रण उठायचे. त्यातलं एक पत्र सगळ्यांच्या वर होतं, चार घड्यांचं, घड्यांवर विरलेलं. त्यात खालून तिसरी ओळ इतकी दाबून लिहिलेली होती, आणि तिच्याखाली रेघ मारलेली होती, की कागद फाटायचाच राहिला होता. ती ओळ आत्याला पाठ होती. तिच्यावर बोट ठेवून तिने किती वेळा ती म्हटली असेल.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आई गेली होती, वडील त्याआधीच. टिल्लू सहा महिन्यांचा होता. हॉस्पिटलमागे नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह होतं, आणि बोर्डावरची दुसऱ्या पाळीची तिची सोबतीण, मोठ्याने हसणारी, जिच्या हसण्यावरून तीन वेळा वरिष्ठांचं पत्र आलं होतं, ती तिथे राहायची. "खिडकीजवळची कॉट तुझ्यासाठी धरून ठेवलीय," ती म्हणे. "खाली रस्ता, रस्त्यावर सगळं जग. ये की." आत्याने ठरवत आणलं होतं. स्वतःची किल्ली, स्वतःचा कुलूप लावायचा आवाज, कामावर चालत तीन मिनिटं. आणि भावाच्या संसारात अडगळ नको. वहिनीने तसं दादाला कळवलं, आणि त्याचं उत्तर आलं. वहिनीने ते याच टेबलापाशी वाचलं होतं. शेवटाकडे येताना थबकली होती, पान सळसळलं होतं, आणि मग त्या खालच्या गोल आवाजात: 'तिला सांग, हे घर तिचं आहे. ती निघून गेली तर मी परत यायचं ते कुणाच्या घरी?' आत्या जागची उठून आत गेली होती आणि बांधलेली बॅग सोडली होती. कोरडा ठाक, कामापुरता बोलणारा दादा, त्याच्या तोंडून हे आलं म्हणजे केवढं आतून आलं असेल. त्या एका वाक्यावर ती राहिली. सोबतिणीने पुढे बदली घेतली, काही वर्षं तिची हाक तारेवरून येत राहिली, मग तीही थांबली.

आत्याने पत्र दिव्याखाली ठेवलं, घड्या तळहाताने सपाट केल्या, आणि म्हणाली, "वाच."

'पत्र मिळाले,' दिवा म्हणाला. 'पाण्यामुळे काम थांबले आहे. वसतिगृहाबाबत कळले. तिला जायचे असल्यास अडवू नये. तिचे तिने ठरवावे, आपण ठरवू नये. मात्र ती येऊन-जाऊन राहील तेव्हा तिची अडचण होता कामा नये, सबब पुढील कामे मिस्त्रीकडून करून घेणे. एक, जिन्याच्या पहिल्या व शेवटच्या पायरीची कड टाकीचे घाव घालून खडबडीत करणे. दोन, सर्व दारांची बीजगणिते फिरवून दारे आत उघडतील असे करणे.' आत्या क्षणभर गोंधळली, मग समजली: बिजागरी. 'तीन, सर्व खोल्यांतील बटणे एका उंचीवर, चौकटीपासून वीतभर, पहिले पंख्याचे. चार, गरम पाण्याच्या नळास चौकोनी मूठ, गारच्या नळास गोल. पाच, गच्चीचा कठडा चार बोटे उंच करणे. मिस्त्रीने टाळाटाळ केल्यास मी आल्यावर बघतो. हे तिला सांगू नये. सोय केलेली तिला खपत नाही. बाळाचा खोकला कसा आहे. काढा देऊ नये, डॉक्टरांकडे न्यावे.' आणि सही.

तिने पुन्हा वाचायला लावलं. मग ओळ न् ओळ थांबवत, मागच्या बाजूला बोट धरून. खालून तिसरी ओळ, रेघ मारलेली, कागद फाटायचा राहिलेली. 'हे तिला सांगू नये.' घराचं वाक्य नव्हतंच. कुठेच नव्हतं. डब्यातली बाकीची पत्रंही तिने एकामागून एक लावली. सिमेंट होतं, पाऊस होता, मुलाची फी होती, आणि जिथे जिथे वहिनीच्या वाचनात 'तिची आठवण येते' असे, तिथे दिवा एखादं काम वाचत होता.

ती उठून जिन्याशी गेली. खालच्या पायरीच्या कडेवर तिने अनवाणी पाऊल फिरवलं. ही खरखर तिच्या तळपायाला इतकी सवयीची होती की ती तिला दगडाचाच गुण समजत आली होती. त्या वर्षी घरात बरेच दिवस ठोकाठोक चालली होती हे तिला आता आठवलं. ओल आलीय, म्हणून काम काढलंय, असं वहिनीने सांगितलं होतं, आणि जुनी बटणं कुठे होती, दारं कुठल्या बाजूला उघडत, हे चौतीस वर्षांत तिचे हातही विसरून गेले होते. त्यानंतर दारं तिच्या कपाळावर कधी आपटली नव्हती, नळाने कधी पोळलं नव्हतं, आणि आपण घरात कशा सरसर वावरतो याचा तिला केवढा अभिमान होता! पाहुण्यांसमोर ती मुद्दाम भरभर चालायची. म्हणजे तोही अभिमान दुसऱ्या कुणीतरी मोजमाप घेऊन बसवून दिलेला. तिला दादाचा अतोनात राग आला, आणि त्याच वेळी त्याची इतकी माया दाटून आली की तिने कठडा घट्ट धरला. त्याने तिला मोकळं सोडलं होतं. जा म्हणाला होता, आणि परत येशील तेव्हा ठेच लागू नये म्हणून पायरी खरवडून ठेवायला सांगितलं होतं. आणि ती त्याच्या न लिहिलेल्या वाक्याला बांधून घेऊन चौतीस वर्षं घरी बसली होती. मग ते वाक्य कुणाचं? ते तर अजूनही तिच्या कानात होतं. त्याला आवाज होता. तो दादाचा नव्हता, कधीच नव्हता.

वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. आत्या तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"दादाचं पत्र वाचून घेतलं मी. त्या दिव्याकडून."

देठ मोडण्याचा आवाज थांबला. "कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं."

हातातला देठ ताटात पडला. मग वहिनी म्हणाली, "टिल्लूने दिवा आणला तेव्हाच मला कळलं होतं. खरं सांगू का वन्सं, मी तर त्याला लहानपणी वाचता यायला लागलं तेव्हापासूनच वाट बघत होते. म्हटलं, आता हा वाचेल तुम्हाला. पण तुम्ही कधी डबा त्याच्यापुढे केलाच नाहीत."

"दुसऱ्या कुणाकडून कशाला वाचून घेऊ? मला पाठ होतं." आत्याचा आवाज चिरकला. "फाडून टाकायचं होतंस. मला काय कळणार होतं?"

"ते माझं होतं का फाडायला?"

"आणि वाक्य तुझं होतं का घालायला?"

वहिनीने हातातली भाजी बाजूला सारली. "कामं सांगू नका असं त्यांनीच लिहिलं होतं, ते मी पाळलं. मिस्त्रीच्या मागे लागून एकूण एक करून घेतली, बाळाला काखेत मारून उभी राहायचे. पण ते वाक्य माझं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून घातलं, असं सांगितलं तर तुम्ही मानाल. पण तसं नाही ते. मला भीती वाटत होती. सहा महिन्यांचं पोर, खोकून खोकून निळं पडायचं, नवरा नदीवर, आणि हे एवढं घर. संध्याकाळी तुम्ही कामावरून यायचात, फाटकाची कडी वाजायची, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडायचा. तुम्ही गेला असतात तर मी वेडी झाले असते. मला तुम्ही हव्या होतात. माझ्यासाठी. त्यांच्या तोंडी घातलं, कारण माझ्या शब्दाखातर तुम्ही कशाला राहिला असतात? तेव्हा आपली ओळख ती काय!"

"विचारून बघायचं होतंस."

"राहिला असतात?"

आत्याने उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं. तेहतीस वर्षांच्या त्या बाईला, बॅग बांधून बसलेलीला, तिने आत शोधून पाहिलं. खिडकीजवळची कॉट. खालचा रस्ता. आणि इकडे ही मुलगी, काखेत पोर घेऊन, 'राहा ना' म्हणणारी. ती काय म्हणाली असती? कुठूनच आवाज येईना.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आणि आता ते मला कधी कळायचंही नाही. माझा राग आहे तो तेवढ्याचाच, वहिनी. पण तो थोडाथोडका नाही."

"नसेलच," वहिनी म्हणाली. तिने क्षमा मागितली नाही, रडलीही नाही. थोड्या वेळाने देठ मोडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि आत्या तिथेच बसून तो ऐकत राहिली, कारण उठून जावं अशी दुसरी कुठली जागा तिला सुचली नाही.

पुढचा आठवडा दोघी घरात एकमेकींना वाट देत वावरल्या. दुपारी तीन वाजले की दिवा वाचत असे, माणसं मरत, आत्या ऐकत असे. टिल्लूला काहीतरी बिनसल्याचं कळलं, पण त्याने ते गुडघ्यांच्या नावावर घातलं. तो तिला घराला हुकूम कसे द्यायचे ते शिकवत होता आणि ती शिकत होती. मुळात तिला यंत्रांची भीती नव्हतीच, बोर्डही यंत्रच होता. कॅमेऱ्याचे डोळे मात्र तिने आपल्या खोलीतून आणि गच्चीवरून काढायला लावले. "अगं, तुझ्या सुरक्षिततेसाठीच आहेत," तो म्हणाला. "असू देत. काढ," ती म्हणाली. "तुझ्या आधी ज्याने हे घर माझ्यासाठी लावून दिलं, तो बघत बसला नाही." टिल्लूला काही समजलं नाही, पण शिडी आणून त्याने ते काढले. पुढच्या खोलीतली काचही तिने बदलून घेतली. वायरमनने हसत हसत जुनं खटक्याचं बटण पिशवीतून परत काढून बसवलं, नव्या तारेवर. "दोन्ही चालतील," तो म्हणाला, "बोललात तरी, दाबलंत तरी."

आणि रागाचं काय करायचं हा प्रश्न रोज तसाच राहत होता. तो ती नळाची चौकोनी मूठ फिरवताना येई, दाराच्या फळीवरून हात जाताना येई. पण त्याच्याबरोबर न चुकता एक चित्र येई, तिने न पाहिलेलं: भर उन्हात मिस्त्रीच्या पुढ्यात उभी असलेली तिशीतली बाई, काखेत खोकणारं मूल, आणि ती सांगतेय, नाही, अजून खरखरीत, अजून, पायाला कळलं पाहिजे. दादाने ते लिहिलं होतं खरं. पण ओरडून करून कुणी घेतलं? आणि वर ती ओल आल्याची थाप! हा एक माणूस आयुष्यभर आपल्याशी खोटं बोलला, आत्याला वाटे, आणि आपल्याला जगातलं एकच माणूस पुरतं ठाऊक आहे, तेही हेच. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या. तिने त्या खोडून पाहायचा प्रयत्न केला, पण जमेना.

निघायचा दिवस उजाडला. गाडी फाटकाशी लागली, टिल्लू सामान मागे रचत होता. वहिनी काठी टेकत व्हरांड्यात आली आणि आत्यासमोर थांबली. तिच्या अंगाला प्रवासाच्या कोऱ्या कपड्यांचा वास होता.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, मुलाला ऐकू जाणार नाही अशी. "तुम्ही राहा म्हणालात तर मी राहते. गुडघ्यांचं काय, डॉक्टर इथेही आहेत. एकदा म्हणा नुसतं."

आत्याला सगळं तयार सापडलं. कुठलं वाक्य या बाईला जागच्या जागी खिळवील ते तिला अक्षरशः ठाऊक होतं; ती ते शिकली होतीच हिच्याकडून. फार काही लागत नव्हतं. आवाज थोडा खाली आणायचा, थोडा गोल करायचा, शेवटाआधी जरा थबकायचं. आणि ते खोटंही नसतं, हेच मोठं अवघड होतं. तिच्या छातीत ते वाक्य खरोखरच होतं.

"तुला जायचंय का?" तिने विचारलं.

वहिनीच्या काठीचं टोक फरशीवर सरकलं. "असं कुणी विचारलं नाही मला," ती म्हणाली. "टिल्लूनेही नाही." आणि मग, जरा लाजून, एखादी लहान मुलगी कबुली देते तशी: "हो. जायचंय थोडं. नात फोनवर 'आजी' म्हणते हो आता."

"मग जा."

"रागाने म्हणताय?"

"राग आहे. पण त्याने म्हणत नाही." आत्याने हात पुढे केला. वहिनीचा चेहरा तिने इतक्या वर्षांत कधी चाचपला नव्हता, तशी वेळच आली नव्हती. आताही तिने हात फक्त खांद्यावर ठेवला, खांदा किती बारीक झालाय ते तिला कळलं, आणि तिने हात काढून घेतला. "जिने चढताना त्याचा आधार घे. मानी बनू नकोस."

"तुम्ही सांगताय हे मला!" वहिनी म्हणाली, आणि काठी टेकत गाडीकडे निघाली.

दारं लागली, इंजिन सुरू झालं. टिल्लू खिडकीतून काहीबाही सूचना ओरडत होता, आत्या मान हलवत होती. गाडी कोपऱ्यावर वळली, चढाला लागली, दुसऱ्या गाड्यांच्या आवाजात मिसळली. तिच्या कानाने ती इतरांपेक्षा बरीच लांबवर धरून ठेवली, आणि मग तीही सुटली. आत्या फाटकाचा गज धरून उभी होती. समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं आणि दुकानदार, जो रोज सकाळी वहिनीशी दोन शब्द बोलत असे, रस्ता ओलांडून आला.

"वहिनी गेल्या वाटतं मुलाकडे?"

"हो. आत्ताच."

"किती दिवसांसाठी?"

"विचारलं नाही मी. तिला वाटेल तितके दिवस."

तो जरा घुटमळला. घराकडे पाहत असावा, कारण पुढचा प्रश्न त्याने तिच्या डोक्यावरून विचारला. "आणि तुम्ही हो? एवढ्या घरात? तुम्हालाही घेऊन जायचं ना त्यांनी."

"मला?" आत्या म्हणाली. तिने फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली. "छे. मी इथे राहते."